दुःखाचे कारण न सांगणारी श्रद्धा

पंडिता रमाबाईंची संस्कृत विद्वत्ता, त्यांचे धर्मांतर आणि त्यावरून पुण्यात उठलेले वादळ यांवर मराठीत भरपूर शाई खर्च झाली आहे. त्यांच्या आयुष्यातले मृत्यू ओळीने वाचताना मला मात्र दुसराच प्रश्न पडतो. येशूवरच्या विश्वासाने या बाईच्या दुःखाला नेमके काय दिले?

वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत. दक्षिणेतल्या दुष्काळात आधी ते गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरलेली भावंडे, रमा आणि श्रीनिवास, पायी उत्तरेकडे निघाली. पांघरायला काही नव्हते. झेलमच्या काठी ती दोघे वाळूत खड्डे खणून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून घेत आणि थंडीची रात्र काढत. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘सरस्वती’ म्हणून गौरवले. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती आणि रमाबाई तेविशीत होत्या.

विधवेच्या दुःखाचे कारण त्या काळच्या समाजाकडे तयार होते : पूर्वजन्मीचे पाप. म्हणजे जिच्यावर कोसळले, तीच गुन्हेगार. योहानाच्या शुभवर्तमानात शिष्य एका जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो.

रमाबाईंना स्वतःला भिडली ती याच शुभवर्तमानातली, येशूला विहिरीपाशी भेटलेली शोमरोनी स्त्री. पतीच्या मृत्यूनंतर त्या इंग्लंडला गेल्या. तिथे फुलहॅमला ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांचा मायेने सांभाळ होत असलेला त्यांनी पाहिला, तेव्हा तिथल्या भगिनींनी त्यांना ही गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. मनाची शांती त्यानंतरही बरीच वर्षे लाभली नव्हती, हे रमाबाईंनीच प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

त्या भारतात परतल्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि त्या मध्य प्रांतात गेल्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायला नको होते. शेकडो मुली त्यांनी केडगावच्या आपल्या ‘मुक्ती’ संस्थेत आणल्या. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर ‘मुक्ती’तली संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. शेती, विहिरी, विणकाम, छापखाना, सगळे मुलींच्याच हातून. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवत.

पुढे मुलींना वाचवता यावे म्हणून देवाने रमाबाईंना उपाशी ठेवले, अशी मांडणी प्रवचनांतून होते. ती मला पटत नाही. आईबापांचे मरण ही काही संस्थेसाठी आगाऊ भरलेली रक्कम नव्हे. ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशी जो क्रूस आहे, त्यावर खुद्द येशूच देवाला विचारतो की तू मला का टाकलेस? त्या घटकेला वरून शब्द येत नाही. पुनरुत्थान तिसऱ्या दिवशी, तेही जखमांच्या खुणांसह. कारण न कळलेले दुःख एकट्याने सोसावे लागत नाही, एवढेच ही श्रद्धा सांगते आणि शेजारच्या दुखणाईताकडे पाठवते. रमाबाईंना तेवढे पुरले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाही गेल्या. ज्यांच्या हाती संस्था सोपवायची, त्याच आधी गेल्या. रमाबाईंना तेव्हा ऐकूही कमी येत होते. तरी बायबलच्या भाषांतराचे काम थांबले नाही. अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा मराठीत ते उतरावे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झाले.

रमाबाईंविषयी अनुकूल वा प्रतिकूल मत बनवण्याआधी वाचकांनी त्यांची ‘माझी साक्ष’ एकदा वाचावी. पुस्तिका लहानशीच आहे.