बटणांच्या फोनमधला खेळ

२००६च्या सुमाराची गोष्ट. भोर तालुक्यातल्या नसरापूरहून मी एसटीनं वेल्ह्याला (आताचा राजगड तालुका) निघालो होतो. बटणांच्या फोनवर क्रिकेटचा एक खेळ उतरवायला घेतला. पन्नासेक रुपये बॅलन्समधून गेले. डोंगराआड रेंज गेली, खेळही गेला. पैसे काही परत आले नाहीत!

तो धंदाच तसा होता. पैसे फोन कंपनी कापून घेई, मोठा वाटा स्वतःकडे ठेवी, उरलेले खेळ बनवणाऱ्याला देई. शिवाय प्रत्येक हँडसेटचा पडदा वेगळा. एकच खेळ कितीदा तरी नव्यानं जुळवावा लागे. अशा बाजारात मुंबईची इंडियागेम्स वाढली. विशाल गोंडल यांनी ती १९९९मध्ये काढली. ब्रूस लीच्या नावाचा तिचा खेळ परदेशातही गेला. आधी चीनच्या टॉम ऑनलाइननं, मग २००७मध्ये यूटीव्हीनं तिच्यात मोठा हिस्सा घेतला. २०१२मध्ये यूटीव्हीच डिस्नेकडे गेली.

तोवर टचस्क्रीन आले होते. खेळ अ‍ॅपच्या दुकानात फुकट मिळू लागले. फोन कंपन्यांशी जमवलेलं सूत, माझ्या मते हीच इंडियागेम्सची खरी पुंजी, कवडीमोल झालं. नावही डिस्नेत विरून गेलं. गोंडल यांनी २०१४मध्ये ‘गोकी’ काढली. मनगटावर बांधून पावलं मोजायचा पट्टा विकणारी.