शेततळ्यातला मासा आधी घरच्या ताटात

दिवाळीनंतरची गोष्ट. पैठण तालुक्यातल्या एका खेड्यातून एक शेतकरी पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. बाई पस्तिशीच्या. तक्रारी नेहमीच्याच. चालताना धाप लागते, पोटऱ्या दुखतात, कामात मन लागत नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग पांढराफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७.२ निघाले.

मी सवयीने विचारले, "अंडी, मटण, मासे काही खाता का?" बाई गप्प. नवरा मात्र अभिमानाने म्हणाला, "मासे? डॉक्टरसाहेब, आमच्या तळ्यात औंदा दोन क्विंटल मासे निघाले. यापाऱ्यानं जागेवरूनच उचलले."

"आणि घरी किती शिजले?"

"पहिल्या दिवशी एक शिजला. घरीच खाल्ल्यावर पैसा कुठून येईल, साहेब?"

वाचकहो, या उत्तरावर मी निरुत्तर झालो. कारण पैशाची गरज खरी होती. पण त्या बाईंची पांढरी पापणीही तितकीच खरी होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. मासा दारात आणि अशक्तपणा घरात, अशी ही अवस्था. म्हणून आज थोडे मासे पाळण्याविषयी आणि बरेचसे मासे खाण्याविषयी.

पाणी आले, मासाही आला

समुद्र आपल्यापासून दूर. तरीही माशांची परंपरा आपल्याकडे नाही असे म्हणता येणार नाही. गोदाकाठचे भोई बांधव पिढ्यान्पिढ्या मासेमारी करत आले आहेत. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेले जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि पैठणजवळ नाथसागर उभा राहिला. भरल्यावर त्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. पुढे २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' योजनेने गावोगावी शेततळी झाली. पाणी साठले तसे त्यात कटला, रोहू, मृगळ ही मंडळी आली.

एके काळी या माशांची पिले नदीतूनच पकडून आणावी लागत. बंद पाण्यात ते अंडी घालत नसत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन प्रजनन घडवून आणले. आज आपल्याला मत्स्यबीज सहज मिळते ते त्या इंजेक्शनामुळे. आम्हा डॉक्टर मंडळींना याचा थोडा जास्तच आनंद वाटतो, हे कबूल करतो!

एका बेटाची गोष्ट

प्रशांत महासागरात नाउरू नावाचे चिमुकले बेट आहे. क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या भरलेल्या नाथसागरात अशी सोळा बेटे मावतील. तिथले लोक पूर्वी समुद्रातून 'मिल्कफिश' या माशाची पिले धरून आणत आणि बेटाच्या मध्यभागी असलेल्या बुआडा तळ्यात वाढवत. तळ्याचे भाग कुटुंबांमध्ये वाटलेले असत. थोडक्यात, ते त्यांचे शेततळेच होते.

पुढे दोन गोष्टी घडल्या. बाहेरून आणलेला तिलापिया मासा तळ्यात शिरला, भराभर वाढला आणि मिल्कफिशचे पालन बसले. दुसरीकडे फॉस्फेटच्या खाणींतून अमाप पैसा आला. घरचे मासे-नारळ मागे पडले, डब्यातले मांस, साखर आणि पांढरा तांदूळ बोटीतून येऊ लागला. अंगमेहनत कमी झाली. १९७५ साली तिथे तपासणी झाली तेव्हा सुमारे एक तृतीयांश प्रौढांना मधुमेह निघाला. सारा दोष माशाच्या जाण्याला देता येणार नाही. पण पैसा वाढला म्हणजे ताट सुधारतेच असे नाही, हा धडा त्या बेटाने जगाला दिला. आपल्याकडेही मासे विकून आलेल्या पैशातून घरात काय येते? बिस्किटांचे पुडे, फरसाण आणि थंड पेयाच्या बाटल्या येत असतील तर आपणही त्याच वाटेवर आहोत.

माशात काय आहे?

रोहू-कटल्याच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १६ ते १९ ग्रॅम उत्तम प्रतीची प्रथिने असतात. ती पचायला हलकी, म्हणून वाढत्या मुलांना, गरोदर बाईला आणि दात नसलेल्या आजोबांनाही चालतात (अर्थात काटे काढून). बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही, ते माशात मिळते. लहान मासे काट्यांसकट चावून खाल्ले तर कॅल्शियमही मिळते.

मात्र एक गैरसमज दूर करतो. नुसता मासा खाऊन कमी झालेले रक्त भरून येत नाही. रोहूत लोह फारसे नसते. पण तो बाजरीच्या भाकरीबरोबर, पालेभाजीबरोबर खाल्ला तर भाकरी-भाजीतले लोह अंगी लागायला मदत होते. सोबत लिंबाची फोड घ्यावी. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह वाया जाते. त्या बाईंनाही मी लोहाच्या गोळ्या आणि जंताचे औषध दिलेच. मासा हा गोळीचा सोबती आहे, गोळीऐवजी नाही.

माळकरी आणि शाकाहारी वाचकांनी रागावू नये. डाळी, दूध, ताक, शेंगदाणे यांतून प्रथिने मिळतात. फक्त बी-१२ साठी दूध-दही नियमित हवे आणि गरज पडल्यास डॉक्टरांना विचारावे.

घरचा हिशेब

त्या शेतकऱ्याला मी कागदावर मांडून दाखवलेला हिशेब इथे देतो. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद शेततळे. त्यात ४५० बोटुकली सोडली. निम्मी जगली आणि प्रत्येकी पाऊण किलोची झाली असे धरले, तरी सुमारे १७० किलो मासे होतात. पाच माणसांच्या घराने आठवड्याला एक किलोचा मासा दोन वेळा मिळून खाल्ला, तर प्रत्येकाला प्रत्येक वेळी ६० ग्रॅमचा तुकडा, म्हणजे सुमारे १० ग्रॅम प्रथिने मिळतात. बाईला दिवसाला लागतात ४५ ग्रॅमच्या आसपास. वर्षाचे झाले ५२ किलो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. श्रावण, एकादशी वजा केल्या तर आणखी कमी. उरलेले खुशाल विका. युक्ती एवढीच की सगळे तळे एकदम उपसू नये. मासा अर्धा किलोचा झाला की घरापुरता फेकजाळ्याने काढत राहावे.

आणि वाढताना पहिला तुकडा घरधन्याला, शेवटचा रस्सा बाईला, ही रीत बदलावी. रक्त कुणाचे कमी आहे ते आधी पाहावे.

हे मात्र करू नका

माशाचे कच्चे पित्त गिळू नका. मधुमेह, दमा, नजर सुधारते म्हणून कुणीतरी सांगतो आणि लोक रोहूची पित्ताची पिशवी गिळतात. त्या पित्तात मूत्रपिंडाला घातक असे विष असते. काही तासांत उलट्या-जुलाब होतात, दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते आणि डायलिसिसची वेळ येते. शिजवल्यानेही हे विष जात नाही. मासा साफ करताना पिशवी न फोडता काढून टाकावी. कुणी गिळलीच, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

माणसांच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या तळ्यात टाकू नका. अशाने जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि उद्या तुमच्याच मुलाच्या तापाला तीच गोळी लागू पडत नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर बहुधा पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे. माणसाला दम लागतो तसेच ते. ताजे पाणी सोडा, पाणी घुसळा, खाद्य थांबवा.

फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नका. तरंगणारा मेलेला मासा खाऊ नका, विकूही नका. थाई मांगूर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, त्यावर २००० सालापासून देशात बंदी आहे. बाहेरचा मासा काय करतो ते बेटाच्या गोष्टीत पाहिलेच.

घशात काटा अडकला तर भाताचे, भाकरीचे घास कोंबू नका. काटा आणखी रुतेल. डॉक्टरांकडे या.

सर्वांत महत्त्वाचे

शेततळ्याचे प्लास्टिक शेवाळाने निसरडे होते. पाय घसरला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. मासे बघायला मुले काठावर जातात, एक पडते, त्याला काढायला दुसरे, मग आई. अशा बातम्या आपण याच वर्तमानपत्रात वाचतो. तळ्याला कुंपण आणि फाटकाला कुलूप हवेच. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडावेत आणि हवा भरलेली ट्यूब कायम काठावर बांधून ठेवावी. दोर आणि ट्यूबला फार खर्च येत नाही.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबू नका. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने आधी पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर जोराने तीस दाब, मग दोन श्वास. हे चालू ठेवा आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा.

त्या बाई परवा पुन्हा तपासायला आल्या होत्या. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन १०.४ झाले आहे. अजून पल्ला बाकी आहे. गोळ्या नियमित घेतल्या, चहा जेवणानंतर तासाभराने घेतला, असे त्या म्हणाल्या. नवऱ्याने पुस्ती जोडली, "नवं बी सोडलंय साहेब. या बारीला घरचं आधी काढणार." मी विचारले, "आणि दोर?" तो जरा ओशाळला. म्हणाला, "उद्याच बांधतो."

तुमच्या तळ्यावर दोर आहे ना?