जर्मनीतील नवागताचे बँक खाते : हक्क आणि पूर्वतयारी

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला. उच्च शिक्षणासाठीही राज्यातील अनेक तरुण त्या देशात जातात. तेथे पोचताच त्यांच्यापुढे बँक खात्याचा प्रश्न उभा राहतो. वेतन खात्यात जमा होते. घरभाडे व आरोग्य विम्याचा हप्ता खात्यातून वळता होतो. खाते नसेल तर घर मिळणे कठीण आणि पत्ता नसेल तर खाते मिळणे कठीण, असा हा पेच आहे.

पत्त्याची नोंदणी

हा पेच सुटतो तो पत्त्याच्या नोंदणीने. जर्मनीत राहावयास आल्यावर दोन आठवड्यांच्या आत स्थानिक नोंदणी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला आवश्यक असतो. नोंदणीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट आणि वास्तव्याचा परवाना ही कागदपत्रे सामान्यतः बँक मागते. काळ्या पैशाला आळा घालणाऱ्या कायद्यान्वये ग्राहकाची ओळख पटविणे बँकेवर बंधनकारक आहे. त्यामुळे या चौकशीत अपमान मानण्याचे कारण नाही. कार्ड आणि त्याचा गुप्त क्रमांक बहुधा वेगवेगळ्या टपालाने येतात. म्हणून टपालपेटीवर स्वतःचे नाव लावणे अगत्याचे आहे.

खाते हा हक्क

युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार जर्मनीने केलेला कायदा जून २०१६ पासून अमलात आहे. संघाच्या प्रदेशात कायदेशीर वास्तव्य करणाऱ्या प्रत्येक ग्राहकास, मग तो आश्रयार्थी असो वा बेघर, मूलभूत खाते मिळण्याचा हक्क आहे. या खात्यावर पैसे भरणे, काढणे, पाठविणे व कार्ड वापरणे या सोयी मिळतात. विहित अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने निर्णय द्यावयाचा असतो. नकार दिल्यास तो लेखी असावा लागतो. अन्यायकारक नकाराविरुद्ध ‘बाफिन’ या वित्तीय नियंत्रण संस्थेकडे दाद मागता येते.

विद्यार्थ्यांसाठी

व्हिसासाठी निर्वाहाच्या रकमेचा पुरावा म्हणून अनेक विद्यार्थी भारतातूनच ‘अवरुद्ध खाते’ उघडतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ही रक्कम दरमहा ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो ठरविण्यात आली. ही रक्कम एकदम काढता येत नाही. ती दरमहा ठरलेल्या प्रमाणात मिळते. ती जमा होण्यासाठी चालू खाते लागतेच.

गावात काय करता येईल?

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात येते. जर्मनीत पासपोर्टवरील नाव ग्राह्य धरले जाते. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रात पैसे पाठविताना खातेदाराचे नाव व खाते क्रमांक जुळतात का, हे बँका पडताळून पाहतात. नावातील एखादे अक्षर वेगळे असले तरी खुलाशाची वेळ येते. शाळेच्या दाखल्यातील व जन्मनोंदीतील नावाची चूक गावातच दुरुस्त झाली, तर पुढचा मनस्ताप टळेल.

आणखी एक गोष्ट जाणाऱ्यांच्या मनावर बिंबवावी. कमिशनच्या आमिषाने आपले खाते दुसऱ्याच्या पैशासाठी वापरू देणाऱ्यावर फौजदारी कारवाई होऊ शकते आणि परदेशातील वास्तव्यही धोक्यात येते. शिक्षक व पंचायत सदस्यांनी वेळीच दिलेली ही माहिती परक्या देशात उभ्या राहणाऱ्या तरुणास मोलाचा आधार ठरेल.