गुन्ह्यामागील माणूस : विद्यार्थी-संशोधनाने न्यायाला दिलेली दृष्टी

भयंकर गुन्हा घडला की समाज प्रथम विचारतो, 'कोणी केला?' शिक्षा ठरवताना मात्र न्यायालयाला आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो : हा माणूस कोणत्या परिस्थितीत घडला? फाशी देण्यापूर्वी गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने बच्चनसिंग खटल्यात १९८० मध्येच सांगितले होते. परंतु आरोपीच्या आयुष्याची माहिती न्यायासनापुढे क्वचितच येत असे.

ती मिळवण्याचे काम दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी केले. २०१३ पासून त्यांनी देशातील अनेक तुरुंगांत जाऊन फाशीच्या कैद्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखती घेतल्या. २०१६ च्या अहवालानुसार, अभ्यासातील ३७३ कैद्यांपैकी सुमारे ७४ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. साठ टक्क्यांहून अधिकांचे माध्यमिक शिक्षणही पूर्ण झालेले नव्हते. २०२१ च्या अभ्यासात, तपासलेल्या कैद्यांपैकी सुमारे ६२ टक्क्यांना मानसिक आजार असल्याचे आढळले. दारिद्र्य माणसाला गुन्हेगार बनवते, असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्यापाशी चांगला वकील नाही, कागदपत्रे मिळवण्याची ऐपत नाही, त्याची बाजू अर्धीच ऐकली जाते, हे त्यातून कळते.

पुण्यातील एका खटल्याने हे सिद्ध केले. १९९४ च्या हत्याकांडात राजस्थानातून आलेल्या एका मुलास प्रौढ समजून फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. पुढे याच विद्यापीठाच्या 'प्रोजेक्ट ३९ ए'ने त्याची बाजू लढवली. त्याच्या गावच्या शाळेतील नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय अवघे साडेबारा वर्षे असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. मार्च २०२३ मध्ये सुटका झाली तेव्हा त्याची २८ वर्षे तुरुंगात गेली होती. बाल न्याय कायद्यानुसार कमाल मुदत तीन वर्षांची होती.

बळी गेलेल्यांचे दुःख यामुळे कमी होत नाही. म्हणूनच न्याय अचूक असला पाहिजे. २०२२ च्या मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या प्रकरणांत आरोपीची मानसिक व सामाजिक माहिती खटल्याच्या टप्प्यावरच मिळवण्याचे निर्देश दिले.

खांदेश्वरपासून तळोजा कारागृह दूर नाही. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातील एक ओळ माणसाचे प्राण वाचवू शकते. आणि मध्येच शाळा सोडणाऱ्या मुलाची वेळीच केलेली विचारपूस कदाचित त्याला त्या दारापर्यंत जाऊच देणार नाही. पालक, शिक्षक आणि माजी विद्यार्थी या नात्याने आपले कर्तव्य तेथूनच सुरू होते.