आमसूल, काजूचं टरफल आणि पी-३००

काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी सोलून निघते. काजू फोडणाऱ्या बायका म्हणूनच बोटांना राख नाहीतर तेल चोळून कामाला बसतात. कच्च्या टरफलातल्या या दाहक तेलात सर्वांत जास्त असतं ते अ‍ॅनाकार्डिक आम्ल. २००३ साली बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपसकुमार कुंडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हे आम्ल माणसाच्या पेशीतल्या पी-३०० नावाच्या एन्झाइमला रोखतं. पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेतून आणखी दोन नावं आली: हळदीतलं कुरकुमिन आणि कोकमाच्या सालीतलं, म्हणजे आपल्या आमसुलातलं, गार्सिनॉल.

हे पी-३०० करतं काय? आपल्या एकेका पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. पी-३०० हिस्टोनांच्या शेपटांना अ‍ॅसिटिल गट जोडतं. त्याने हिस्टोनवरचा धन विद्युतभार घटतो, डीएनएवरची पकड सैल होते आणि तिथली जनुकं वाचली जाऊ लागतात. एचडॅक हे एन्झाइम तेच गट काढून टाकतं. आणखी काही एन्झाइमं मिथिल गट चिकटवतात. या सगळ्यात जनुकाचं एकही अक्षर बदलत नाही. कर्करोगात मात्र हा व्यवहार बिघडतो. गाठीला आवर घालणारी जनुकं अनेकदा शाबूत असतात, पण मुकी. डीएनएतलं उत्परिवर्तन परत फिरवणं महाकठीण. रासायनिक खूण पुसता येते. संशोधकांना या एन्झाइमांची भुरळ पडली ती एवढ्याचसाठी.

व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी अ‍ॅसिटिल गटांचा जनुकांच्या कामाशी असलेला संबंध १९६४ मध्येच मांडला होता. पण हे गट जोडणारं एन्झाइमच हाती नव्हतं, म्हणून तीसेक वर्षं ती कल्पना मागे पडली. १९९६ मध्ये डेव्हिड अ‍ॅलिस यांच्या गटाला टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात ते सापडलं. त्याच वर्षी स्टुअर्ट श्रायबर यांच्या प्रयोगशाळेने एचडॅक वेगळं काढलं. औषधांची वाट याहून वाकडी. अझासिटिडिन १९६० च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात तयार झालं, तेव्हा ते निव्वळ पेशी मारणारं विष समजलं जाई. डीएनएवर मिथिल गट बसणं ते थांबवतं, हे पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी १९८० मध्ये दाखवलं. मग मात्रा उतरवली गेली आणि २००४ मध्ये अमेरिकेत अस्थिमज्जेच्या एका विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. एचडॅक रोखणारं व्होरिनोस्टॅट २००६ मध्ये आलं, त्वचेतल्या एका लिम्फोमासाठी. २०२० च्या टॅझेमेटोस्टॅटला एका दुर्मीळ सार्कोमासाठी परवानगी मिळाली, पण तो अपवादच. या औषधांचं यश मुख्यतः रक्ताच्या कर्करोगांत आहे. घट्ट गाठींपुढे त्यांची डाळ फारशी शिजलेली नाही.

आपला प्रश्न नेमका तिथेच आहे. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा. जबलपूरकडची विडी, विदर्भातला खर्रा, कोकणातली मशेरी, शहरातला गुटखा: तंबाखूची रूपं वेगळी, शेवट पुष्कळदा एकच. मध्य प्रदेशाने एप्रिल २०१२ मध्ये, तर महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत गुटखाबंदी केली. बंदीचं पुढे काय झालं ते कोपऱ्यावरच्या टपरीला विचारावं. कुंडूंच्या गटाला तोंडाच्या कर्करोगाच्या ऊतींत हिस्टोनांवर अ‍ॅसिटिल गट वाजवीपेक्षा जास्त आढळले. त्यांनी कुरकुमिनपासून पाण्यात विरघळणारं सीटीके-७ए हे रसायन बनवलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात मानवी कर्करोगाच्या पेशी टोचलेल्या उंदरांतल्या गाठींची वाढ त्याने बरीच रोखली. उंदरांत, हे विसरू नये.

मला स्वतःला यापेक्षा काजूची गोष्ट अधिक विलक्षण वाटते. अ‍ॅनाकार्डिक आम्लात थोडा रासायनिक फेरफार करून त्याच गटाने सीटीपीबी हे रसायन तयार केलं, तर ते पी-३०० ला थांबवण्याऐवजी चेतवू लागलं! गार्सिनॉलचंही तसंच. मूळ रसायन पी-३०० बरोबर पीसीएएफ या दुसऱ्या एन्झाइमलाही रोखतं आणि पेशींना विषारी ठरतं. २००७ मध्ये त्यापासून बनवलेलं एलटीके-१४ मात्र फक्त पी-३०० वर नेम धरतं. निसर्गाने कच्चा माल दिला, उपयोगी झाला तो रसायनशास्त्रज्ञांच्या हातून.

हळदीच्या भक्तांना हे रुचत नाही. हळदीशी आपला अभिमान जोडलेला आहे, आणि तो रास्तही आहे: जखमेवरच्या हळदीचं अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. पण पेटंट हाणून पाडणं वेगळं आणि औषध सिद्ध होणं वेगळं. कुरकुमिन आतड्यातून रक्तात जेमतेम पोचतं, लवकर विघटित होतं, आणि प्रयोगशाळेच्या चाचण्यांत अनेक प्रथिनांशी सलगी करून फसवे निकाल देतं. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी एका सविस्तर आढाव्यात त्याचं हेच माप त्याच्या पदरात घातलं. शिवाय पी-३०० निरोगी पेशींतही राबतं आणि गाठींना रोखणाऱ्या पी-५३ या प्रथिनावरही अ‍ॅसिटिल गट चढवतं. त्याला सरसकट बंद पाडणं अंगाशी येऊ शकतं.

तेव्हा सोलकढी चवीसाठी प्यावी. उपचार चालू असताना कुरकुमिनच्या गोळ्या घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. आणि तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम राहिली, तर आमसूल-हळदीत वेळ न घालवता ती तपासून घ्या.