व्याजाविना भांडवल : मलेशियाच्या शेअर बाजाराचा धडा

मुद्दल फिरते ठेवावे आणि त्यावर व्याज आकारावे, ही आपल्या पेढ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तेव्हा व्याजच निषिद्ध मानणाऱ्या समाजात मोठे भांडवल उभे राहते तरी कसे, हा प्रश्न व्यापारी माणसास पडणे साहजिक आहे. मलेशियाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे असल्यामुळे त्याचा अल्प परिचय आम्ही सभासद बंधुभगिनींस करून देत आहोत.

इस्लामी व्यवहारशास्त्र नफ्यास मना करीत नाही. 'रिबा' म्हणजे व्याज, 'गरर' म्हणजे करारातील अवाजवी अनिश्चितता आणि 'मैसिर' म्हणजे जुगार, या तिहींस ते मना करते. 'मुदारबा'त एकाचे भांडवल व दुसऱ्याचे कष्ट असतात. नफा ठरल्या प्रमाणात वाटावयाचा, पैशाचा तोटा मात्र भांडवलवाल्याने सोसावयाचा. आम्हां धान्य व्यापाऱ्यांस विशेष जवळचा वाटेल तो 'सलम'. हाती नसलेला माल विकू नये हा सामान्य नियम. परंतु शेतकऱ्यास पेरणीसाठी पैसा लागतो, म्हणून येथे सवलत आहे. अट एवढीच की, किंमत करारावेळीच पूर्ण चुकती करावी आणि मालाची जात, प्रत, वजन व मुदत निश्चित ठरवावी. थोड्या अनामतीवर मोठे सौदे करून शेवटी केवळ फरक देणे-घेणे, ही जी वायद्यातील सट्ट्याची वाट, ती येथे बंद होते.

समभाग म्हणजे धंद्यातील भागीदारी; म्हणून बहुतेक शास्त्रवेत्त्यांनी तो ग्राह्य मानला. अडचण अशी की, आजची बहुतेक प्रत्येक कंपनी थोडेफार कर्ज काढतेच. यावर मलेशियाने व्यवहार्य तोड काढली.

तिची पाळेमुळे यात्रेकरूंच्या बचतीत आहेत. हज यात्रेसाठी मलायी शेतकरी पैसा घरातच साठवीत, प्रसंगी जमीन व गुरे विकीत. अर्थशास्त्रज्ञ उंगकू अझीझ यांनी १९५९ मध्ये अशा बचतीसाठी बिनव्याजी संस्थेची योजना मांडली. १९६३ मध्ये ती संस्था सुरू झाली. तीच पुढे 'ताबुंग हाजी' या नावाने प्रसिद्धीस आली. ठेवी उद्योगांत गुंतवून नफा वाटावयाचा, ही तिची पद्धत. १९८३ मध्ये 'बँक इस्लाम' निघाली. १९९६ मध्ये रोखे बाजाराच्या नियामक आयोगाने शरियत सल्लागार मंडळ नेमले आणि १९९७ पासून ग्राह्य समभागांची यादी प्रसिद्ध होऊ लागली. वर्षातून दोनदा ती नव्याने निघते.

२०१३ मध्ये या यादीची कसोटी अधिक कडक झाली. मद्य, जुगार, व्याजी बँकव्यवसाय अशांचे उत्पन्न ५ टक्क्यांच्या आत हवे. शिवाय व्याजी कर्ज एकूण मालमत्तेच्या ३३ टक्क्यांहून कमी हवे. २००२ मध्ये मलेशिया सरकारने ६० कोटी डॉलरचे 'सुकूक' जागतिक बाजारात विकले. सुकूकधारकास व्याजाऐवजी मालमत्तेच्या भाड्यातील वाटा मिळतो. मुंबई शेअर बाजारानेही डिसेंबर २०१० मध्ये शरियतमान्य ५० समभागांचा निर्देशांक सुरू केला.

तथापि दुसरी बाजू सांगणे आमचे कर्तव्य आहे. या बँकांचा पुष्कळसा व्यवहार भागीदारीचा नसून 'मुराबहा'चा, म्हणजे माल घेऊन नफा चढवून हप्त्यांनी विकण्याचा असतो. हे नाव पालटलेले व्याजच होय, असे टीकाकार म्हणतात, आणि ते अगदीच निराधार नाही. याहून गंभीर गोष्ट २०१८ मध्ये उघड झाली. ताबुंग हाजीची देणी तिच्या मालमत्तेहून अधिक भरली होती, तरी नफावाटप चालूच राहिले होते. अखेर तिची खालावलेली मालमत्ता वेगळी काढून सरकारी कंपनीकडे सोपवावी लागली आणि ठेवीदारांची रक्कम सावरली गेली.

यावरून आम्हांस दोन गोष्टी दिसतात. कर्जास मर्यादा घालणारी कसोटी कोणत्याही धर्माच्या गुंतवणूकदारास उपयोगी आहे; शेअर घेण्यापूर्वी ताळेबंदातील कर्जाचा आकडा पाहावयाची सवय आपल्या तरुणांनी अवश्य लावून घ्यावी. दुसरी गोष्ट, पावित्र्याचे नाव हिशेबाची जागा घेऊ शकत नाही. न मिळालेला नफा वाटला, की तो मुद्दलातूनच जातो. मग ती पेढी यात्रेकरूंची असो वा वाण्याची.