मडकं रिकामं करण्याआधी

टेंभुर्णीत डॉक्टरांनी ‘सीटी स्कॅन करून आणा’ म्हटलं, की जालना नाहीतर छत्रपती संभाजीनगरची वाट धरावी लागते. त्याच यंत्रात आता हजारो वर्षांपूर्वी गेलेली माणसंही तपासली जातात. त्यांना ‘हलू नका’ म्हणावं लागत नाही आणि किरणांचा मारा जास्त झाला तरी धास्ती नसते.

२०१२ मध्ये ब्रिटिश म्युझियमची एक ममी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली होती. नेस्पेरेन्नुब हा सुमारे २८०० वर्षांपूर्वीचा, इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिरातला पुजारी. लंडनमध्ये एकही पट्टी न सोडता त्याचा स्कॅन झाला, तेव्हा डोक्यामागे मातीचं वाडगं चिकटलेलं दिसलं. गळणारी राळ झेलायला ठेवलेलं ते वाडगं राळेतच घट्ट बसलं आणि कारागिरांनी त्यासकट देह गुंडाळला, असा तज्ज्ञांचा कयास आहे. काम उरकून टाकायची सवय तेव्हाही होतीच!

आपल्याकडच्या पावसापाण्यात मांस-कातडी टिकत नाही. उरतात हाडं आणि दात. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजला उत्खननात ताम्रपाषाणयुगीन दफनं सापडली. तान्ह्या बाळांसाठी दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, तीही घराच्या जमिनीखाली. मोठ्यांचे पाय मात्र घोट्यापासून तोडलेले.

याच संस्थेचे वसंत शिंदे आणि दक्षिण कोरियाचे संशोधक यांनी हरियाणातल्या राखीगढीच्या सुमारे ४५०० वर्षांपूर्वीच्या दोन कवट्यांचे स्कॅन वापरून २०१९ मध्ये त्या माणसांचे चेहरे उभे केले. यंत्र कवटीच्या काकडीसारख्या पातळ चकत्या टिपतं, संगणक त्या एकावर एक रचतो. हाडाला हात न लावता तुटका भाग पडद्यावर जुळवता येतो. मग स्नायू आणि त्वचेच्या जाडीचा हिशेब मांडून चेहरा चढवायचा. हे चेहरे पेपरांत झळकले, पण नाकाचा शेंडा, ओठ, कातडीचा रंग हाडावर लिहिलेला नसतो. कवटीची ठेवण पक्की, बाकी अभ्यासू अंदाज.

मातीने भरलेलं मडकंही न उघडता स्कॅन करता येतं. युरोपात अस्थिकलश असे तपासले आहेत. कोणतं हाड कुठे आहे, हे त्यातून कळतं. मडकं एकदा ओतलं की ती मांडणी गेलीच. तेव्हा पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागेची, माती काढताना हाडं किंवा भरलेलं मडकं लागलं, तर उकरू नका, धुऊ नका. काम थांबवा आणि तहसील कार्यालयाला किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा.